नाथसागरावर हौशींना पक्ष्यांच्या पायात कडी घालू द्यावी का?

गोदाकाठ
नाथसागर म्हणजे पैठणच्या जायकवाडी धरणाचा जलाशय. तिथलं जायकवाडी पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. तेव्हापासून दर हिवाळ्यात आपण पट्टकादंब, चक्रवाक, पाणटिवळे, टिलवे मोजतोय. मोजणीतून किती आले ते कळतं. तेच पक्षी परत आले का आणि वाटेत कुठे थांबले, हे कळायचं तर एकेक पक्षी ओळखता आला पाहिजे. म्हणजेच पायात क्रमांकाची कडी हवी, यालाच रिंगिंग म्हणतात.

हे शास्त्र सुरू केलं एका शाळामास्तराने. डेन्मार्कमधल्या विबॉर्गच्या मॉर्टेन्सेन यांनी १८९९ मध्ये स्टार्लिंगच्या पायात ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. ब्रिटनमध्ये आजही बहुतेक रिंगिंग बिनपगारी हौशी लोकच करतात. आपल्याकडे बीएनएचएसने (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) १९२७ मध्ये सुरुवात केली. मग मराठवाड्यात दहा-बारा जणांची शिकवून तयार केलेली तुकडी का नको? पहिली दोन वर्षं फक्त भोरड्या (गुलाबी मैना) आणि धोबी पक्षी, पाणथळीचे पक्षी नंतर.

परभणीकर
माझा विरोध. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ मध्ये 'शिकार' या शब्दात पकडणं आणि सापळा लावणंही येतं. 'लगेच सोडून देणार होतो' ही सबब तिथे चालत नाही. कलम १२ खाली शिक्षण किंवा शास्त्रीय संशोधनासाठी मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवाना देतात, सगळ्यात जास्त संरक्षण असलेल्या अनुसूची एकमधला पक्षी असला तर आधी केंद्राची परवानगी लागते. अभयारण्यात शिरायला कलम २८ चा परवाना वेगळा. या सगळ्यात 'हौस' नावाचा रकाना नाही. २०२२ च्या दुरुस्तीने साध्या गुन्ह्याच्या दंडाची मर्यादा २५ हजारांवरून १ लाखावर नेली, तीन वर्षांपर्यंतची कैद आहेच.

ब्रिटनचं उदाहरणही तुम्ही अर्धंच दिलंत. तिथला हौशी माणूस आधी मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या हाताखाली शेकडो पक्षी हाताळतो, मग त्याला मर्यादित परवाना मिळतो, पूर्ण परवाना त्याच्याही नंतर. आपल्याकडे ती शिडीच नाही आणि तुम्ही थेट माडीवर चढायला निघालात.

गोदाकाठ
परवाना संस्थेच्या नावावर घ्यायचा, हौशींनी त्याखाली मदतनीस म्हणून राबायचं. मी एकट्यादुकट्याने जाळं लावा असं म्हटलेलंच नाही. धोक्याचा बाऊही फार होतो. अमेरिका-कॅनडातल्या २२ रिंगिंग संस्थांच्या नोंदी तपासल्या गेल्या, निष्कर्ष २०१२ मध्ये आले. इजा ०.५९ टक्के, मृत्यू ०.२३ टक्के.

जाळीदार
ते आकडे मुरलेल्या हातांचे आहेत. शिकाऊ हात, मराठवाड्याचं ऊन आणि बॅकवॉटरचा वारा एकत्र आले की हिशेब बदलतो. कायदा बाजूला ठेवून जाळ्याचं बोलू.

मिस्टनेट, म्हणजे पक्षी पकडायचं बारीक धाग्याचं उभं जाळं, साधारण १२ मीटर लांब, अडीच मीटर उंच, झोळीसारख्या चार-पाच आडव्या कप्प्यांचं. धोब्यासारख्या लहान पक्ष्याला १६ मिलिमीटरचं घर (जाळ्याचं छिद्र) लागतं. पाणटिवळ्याला त्याच्या दुपटीचं. मोठ्या घरात लहान पक्षी खांद्यापर्यंत घुसतो आणि पंख सोडवता सोडवता निखळायची वेळ येते. लहान घरावर मोठा पक्षी आपटून मागे फिरतो. वारा सुटला की कप्पे ताणून सपाट होतात, जाळं दिसायला लागतं आणि अडकलेला पक्षी गरगर फिरून आणखी गुंततो. नाथसागराच्या काठावर वाऱ्याला आडोसा असतो तो बेशरमच्या झुडपांचा, आणि बेशरमच्या काड्यांत जाळं एकदा अडकलं की फाटल्याशिवाय निघत नाही.

पाण्यावर लावलेल्या जाळ्यात सगळ्यात घातक चूक म्हणजे खालचा कप्पा. पक्ष्याच्या वजनाने तो खाली झोळतो. झोळ पाण्याला टेकला की पक्षी बुडून मरतो, आणि त्याला पाच मिनिटंही पुरतात. म्हणून खालची दोरी ताठ आणि पाण्यापासून हातभर वर हवी, शिवाय धरणाचं पाणी रात्रीतून वाढतं हे धरून चालायचं. कोरड्या काठावर खालच्या कप्प्यात मुंग्या चढतात, मुंगूस आणि कुत्री तयारच असतात.

फेरी दर वीस मिनिटांनी. ऑक्टोबरच्या उन्हात त्याहून लवकर, आणि सकाळी नऊला जाळी गुंडाळलेली पाहिजेत. एका सरावलेल्या माणसामागे दोनच जाळी. एकदम तीस भोरड्या पडल्या तर? भोरड्या थव्यानेच पडतात. अशा वेळी कडी विसरायची, आधी जाळं मोकळं करायचं. गोदाकाठ, 'सोपा' म्हणून तुम्ही सुरुवातीला निवडलेला हाच पक्षी नवख्याला सगळ्यात जास्त गोत्यात आणतो.

लांब पायांचे पक्षी पिशवीत दुमडून ठेवले की पायांचे स्नायू जखडतात, सोडल्यावर उभंच राहता येत नाही. तो पक्षी उडाला नाही तरी 'सोडला' म्हणून वहीत नोंद होते आणि मृत्यूच्या टक्केवारीत कधीच येत नाही.

गोदाकाठ
भोरडीबद्दलचं मान्य, ती यादीतून काढा. पण हे सगळं शिकवता येतं ना? तुम्ही स्वतःच आत्ता अर्धं शिकवलंत.

जाळीदार
लिहून कळतं, पण हाताला येत नाही. पक्ष्याची मान तर्जनी आणि मधल्या बोटात सैल धरायची. छातीवर दाब आला की त्याचा श्वासच थांबतो, कारण पक्ष्याला आपल्यासारखा छाती-पोटामधला पडदा नाही, श्वासासाठी छातीचा सांगाडा हलावाच लागतो. किती दाब म्हणजे जास्त, हे शेजारी उभ्या असलेल्या माणसाने शंभरदा टोकल्यावरच कळतं.

कडीचंही तसंच. माप आतल्या व्यासावरून घेतात. घट्ट कडी पाय कापते, सैल कडी घसरून बोटांवर अडकते. कडीची दोन टोकं एकमेकांना बरोबर भिडली पाहिजेत. पक्कड जास्त दाबून एक टोक दुसऱ्यावर चढलं तर ती उघडायची कशी, हे आधी शिकायचं आणि घालायचं मागाहून. बहुतेक ठिकाणी शिकवणी उलटी चालते.

ढोरकीनकर
मला येगळंच भ्याव हाय. जाळं आनलाइन मिळतंय, कुनी इचारत नाही. तुमी काठावर सरकारी परवानगीनं जाळी लावली की चार दिसांत तित्तर-लावे धरनारा बी तसलंच जाळं लावंल अन् म्हनंल, आमी बी रिंगिंगच करतोय. धरनाचं पानी उतरल्यावर गाळपेऱ्यात राबनाऱ्या मानसाला दोघांतला फरक कसा कळावा? आज कुनी जाळं लावलं तर गावातलं पोरगं वनरक्षकाला फोन तर करतंय. ते बी बंद हुईल. उगं नसती आफत कशाला?

परभणीकर
हा मुद्दा माझ्या कायद्याच्या मुद्द्यापेक्षा भारी आहे.

उंटावरून
जाळी, पकड, कड्या हे जुनं झालं. थेट जीपीएस लावा. ठाणे खाडीतल्या सहा रोहित पक्ष्यांना २०२२ मध्ये लावलेच की, ते गुजरातपर्यंत गेलेले दिसले. नागालँडच्या अमूर ससाण्यांना तर २०१३ मध्येच उपग्रहावरून माग काढणारी यंत्रं लावली.

जाळीदार
जीपीएस लावायलाही पक्षी आधी पकडावाच लागतो, उंटावरून. पुढे वजन. यंत्र आणि पट्टे मिळून पक्ष्याच्या वजनाच्या ३ टक्क्यांत बसावेत असा संकेत आहे. छोटा रोहित दीड-दोन किलोचा, म्हणजे ४५ ग्रॅमपर्यंत चालतं. पट्टकादंब दोन-अडीच किलोचा, तिथेही सोय आहे. छोटा टिलवा भरतो २५ ग्रॅम, त्याच्या वाट्याला पाऊण ग्रॅम. त्यात फार तर उजेडाची वेळ साठवणारं यंत्र बसतं. ते जागा सांगतं ती शे-दोनशे किलोमीटर इकडेतिकडे, आणि माहिती काढायला तोच टिलवा पुढच्या वर्षी पुन्हा पकडावा लागतो. जमेल?

पट्टे बांधणं ही तर वेगळीच कला. फेब्रुवारीत पट्टकादंब परतीसाठी चरबी चढवतो. डिसेंबरात नीट बसलेला पट्टा तेव्हा काचतो. सैल ठेवला तर त्यात पंख किंवा चोच अडकते. सौरपट्टीवर पिसं आली की चार्जिंग बंद, आणि मोबाइल टॉवर नसलेल्या मुलखात यंत्र नुसतं साठवत बसतं. हौशी माणसाने यात पडूच नये, हे माझं स्पष्ट मत.

दुर्बीणवाली
इतकी चर्चा झाली, पण ज्याला परवाना लागत नाही ते काम कुणी काढलंच नाही. आधीच घातलेल्या खुणा वाचा. मंगोलियात पट्टकादंबांच्या गळ्यात हिरव्या कॉलर घालतात, त्यावर पांढरी अक्षरं असतात आणि असे पक्षी महाराष्ट्रात दिसलेले आहेत. चिखलपक्ष्यांच्या पायांवर रंगीत फ्लॅग, म्हणजे छोट्या चपट्या पट्ट्या असतात, वरच्या-खालच्या रंगांवरून देश किंवा ठिकाण कळतं.

स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) २० ते ६० पट, तिपाई जड, सूर्य पाठीमागे. सोनेवाडीकडे आठ-नऊनंतर गरम हवा थरथरायला लागते, मग ६० पटीवर अक्षरं विरघळतात. पट वाढवण्यापेक्षा ३० वर थांबून सलग फोटो काढा. नोंदीत डावा पाय की उजवा, सांध्याच्या वर की खाली, फ्लॅगचे रंग वरून खाली, धातूची कडी कुठल्या पायात, हे सगळं लागतं. उजवा-डावा पक्ष्याचा, बघणाऱ्याचा नव्हे. चिखलाने पांढरा फ्लॅग पिवळा वाटतो, जुना नारिंगी फिका पडतो. ८ आणि बी, ० आणि ओ यांत शंका असेल तर शंका म्हणूनच लिहा, अंदाजाने आकडा भरू नका. चुकीचा वाचलेला क्रमांक दुसऱ्याच पक्ष्याच्या नावावर चढतो आणि तो कुणी पुन्हा तपासत नाही.

मेलेला पक्षी सापडला तर पाय कापून आणू नका, उघड्या हाताने उचलू नका. कडीचा चारही बाजूंनी फोटो, तारीख, गाव, आणि वनविभागाला खबर. बीएनएचएसच्या कड्यांवर संस्थेला कळवा असं कोरलेलंच असतं.

गोदाकाठ
हे करूच. पण दुसऱ्यांनी घातलेल्या खुणा वाचून मराठवाड्यातला धोबी कुठे जातो ते कधीच कळणार नाही, कारण त्याला खूण कुणी घातलेलीच नाही. लहान पक्ष्यांत शंभर कड्यांमागे एकाचीही पुन्हा खबर मिळत नाही हे ठाऊक आहे, म्हणूनच सुरुवात लवकर हवी. संस्थेचा परवाना असलेला माणूस आला आणि दोनच जाळी लावायची ठरली, तर जाळीदार, तुम्ही कुठे लावाल?

जाळीदार
नाथसागरावर नाहीच. पाण्यापासून लांब, बाभळीच्या आडोशाला, कुंपण असलेल्या आणि रखवालदार असलेल्या जागेत. कृषी विद्यापीठाचं एखादं प्रक्षेत्र चालेल, म्हणजे ढोरकीनकरांची शंकाही मिटेल. आणि पहिला हिवाळा शिकाऊंनी कडीला हात लावायचा नाही, नुसती वही लिहायची आणि दर वीस मिनिटांनी फेरी मारायची.

परभणीकर
परवाना येईपर्यंत माझा विरोध कायम. वही लिहायला कुणी अडवलेलं नाही.