मदत हवी आहे: सासूबाईंना घेऊन अटल पुलावर जायचंय

सोलापूरकरांनो, दिवाळीच्या सुट्टीत नणंदेकडे अहमदाबादला चाललोय, तर एक दिवस सगळ्यांनी मिळून साबरमतीवरचा अटल पूल बघायचं ठरलंय, २०२२ ला सुरू झालेला, फक्त चालणाऱ्यांसाठीचा, साधारण ३०० मीटर लांब. काळजी सासूबाईंची आहे. गुडघे फार दुखतात, परवा सिद्धेश्वराच्या देवळात गेलो तर तळ्याकडेला दर दहा पावलांवर कठडा धरून थांबत होत्या, पण पूल बघायचाच म्हणतात आणि मलाही त्यांना घरी ठेवून जायचं अगदी जिवावर येतंय. तिथं व्हीलचेअर मिळते का? मधे खाली काच बसवलीय ती बाजूनं टाळता येते का, त्यांना चक्कर येते. लाइटिंग दिसेल पण गर्दी नसेल अशी वेळ कोणती? कुणी वयस्कर माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.