अपाची सोर्सवरून बांधलं, एरर एकही नाही, तरी मॉड_डिफ्लेट गायब

महाल_अभ्यासिका

नमस्कार मंडळी. नागपुरात महालात आमची अभ्यासिका आहे. पोलीस भरती, तलाठी, राज्यसेवा यांची तयारी करणारी पोरं येतात. बरीचशी गडचिरोली-गोंदियाकडची, खोली करून राहणारी. त्यांच्यासाठी सरावप्रश्नांची पानं मी एका जुन्या मशीनवर ठेवतो. रात्री खोलीवर गेल्यावर ती मोबाईलवर उघडतात. इतिहासाचं एकच पान १ एमबीच्या वर गेलं आहे, आणि आत नुसता मजकूर. डेटा पुरवून पुरवून वापरणाऱ्या पोराला हे जड जातं, म्हणून पानं कॉम्प्रेस करून पाठवायची आहेत. अपाचीत ते काम मॉड_डिफ्लेट हे मॉड्यूल करतं.

मशीनवर उबुंटू आहे. अपाची २.४ हा वेब सर्व्हर सोर्सवरून, म्हणजे मूळ कोडवरून बांधून राहिलो. कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल, सगळं बिनतक्रार पार पडलं. पानंही दिसून राहिली. पण एचटीटीपीडी.कॉन्फ या सेटिंग्जच्या फाईलमध्ये 'डिफ्लेटकॉम्प्रेशनलेव्हल ६' ही ओळ टाकली की ती फाईल तपासणारी कॉन्फिगटेस्ट 'इनव्हॅलिड कमांड' म्हणते: स्पेलिंग चुकलं असेल, नाहीतर ज्या मॉड्यूलची ही कमांड आहे ते सर्व्हरमध्ये नाही. स्पेलिंग चारदा ताडून पाहिलं, बरोबर आहे. मग मॉड्यूल चालू करणारी लोडमॉड्यूलची ओळ हातानं लिहिली, तर मॉड_डिफ्लेट.एसओ नावाची फाईलच नाही म्हणते. मॉड्यूल्स फोल्डरमध्ये पाहिलं, खरंच नाही. 'एचटीटीपीडी -एल' केलं तर चार-पाचच नावं आली.

माझ्याकडे २.२ च्या काळातली वही आहे. तिच्यात कॉन्फिगरला '--एनेबल-डिफ्लेट' द्यायचं लिहून ठेवलं आहे. २.४ मध्ये बहुतेक मॉड्यूलं आपोआप बनतात असं वाचलं, म्हणून या वेळी दिलं नाही. बाकीची बनली, मग हेच काऊन राहिलं? पूर्ण बांधायला या मशीनला अर्धा तास लागतो आणि दुपारी लाईन जाते. म्हणून परत चालवण्याआधी कारण समजून घ्यायचं आहे.

काळा_पडदा

दादा, '-एल' आधी बाजूला ठेवा. ते फक्त बायनरीच्या पोटात बांधलेली मॉड्यूलं दाखवतं. वेगळ्या .एसओ फाईलमधून लोड होणारी पाहायला '-एम' (कॅपिटल एम) लागतं. त्यामुळे चार-पाच नावं दिसली यात बिघाड काही नाही.

तुमच्याकडे फाईलच तयार झाली नाही, म्हणजे गोष्ट मेकच्याही आधी घडली. कॉन्फिगर परत चालवा, आउटपुट फाईलमध्ये वळवा आणि त्यात 'चेकिंग व्हेदर टू एनेबल मॉड_डिफ्लेट' ही ओळ शोधा. पुढे बहुधा 'नो' असेल. मॉड_डिफ्लेटला झेडलिब ही कॉम्प्रेशनची लायब्ररी लागते. तुम्ही म्हणाल, झेडलिब तर मशीनवर आहेच. आहे, पण ती चालणाऱ्या प्रोग्रामांसाठी. बांधताना झेडलिब.एच ही हेडर फाईल लागते आणि ती वेगळ्या पॅकेजात येते. उबुंटूवर त्याचं नाव झेडलिब१जी-डेव्ह, रेड हॅटच्या घराण्यात झेडलिब-डेव्हेल.

आता 'हेच काऊन' याचं उत्तर. आपोआप बनणाऱ्या यादीतल्या मॉड्यूलला हवी ती लायब्ररी सापडली नाही, तर कॉन्फिगर ते मॉड्यूल गुपचूप वगळतं आणि पुढे जातं. तुम्ही नाव घेऊन मागितलं असतं, तर 'मागितलं आहे पण बांधता येत नाही' असं सांगून तिथंच थांबलं असतं. तुमच्या वहीतली ओळ आजही बरोबर आहे. जे मॉड्यूल हवंच आहे, ते नाव घेऊन मागायचं.

सगळे पर्याय परत टाईप करू नका. सोर्सच्या फोल्डरमध्ये कॉन्फिग.नाइस नावाची फाईल असते, तिच्यात मागच्या वेळचे पर्याय जपलेले असतात. './कॉन्फिग.नाइस --एनेबल-डिफ्लेट' एवढं पुरेल.

महाल_अभ्यासिका

भाऊ, नेमकं तेच निघालं. ओळीपुढे 'नो' होतं. पॅकेज टाकायच्या आधी मुद्दाम '--एनेबल-डिफ्लेट' देऊन पाहिलं, तर तुम्ही म्हणाले तसं तिथंच थांबलं. मग पॅकेज टाकलं, पहाटे पाचला बांधायला लावलं. मॉड_डिफ्लेट.एसओ आता फोल्डरमध्ये आहे. पण 'इनव्हॅलिड कमांड' अजून येऊनच राहिली. हातानं लिहिलेली लोडमॉड्यूलची ओळ मी आधी काढून टाकली होती. नवीन मेक इन्स्टॉल ती स्वतः लिहील असं वाटलं होतं.

दुसरी_पाळी

नाही लिहिणार. एचटीटीपीडी.कॉन्फ आधीपासून असेल तर मेक इन्स्टॉल त्याला हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे. नाहीतर तुमची सगळी सेटिंग्ज पुसली गेली असती. नवी प्रत कॉन्फमधल्या 'ओरिजिनल' फोल्डरमध्ये पडते. तिथं डिफ्लेटची लोडमॉड्यूल ओळ सापडेल, पण पुढे # असेल, म्हणजे ती बंद असेल. ती उचलून तुमच्या फाईलमध्ये ठेवा, # काढा, कॉन्फिगटेस्ट करा, मग रीस्टार्ट.

आणखी एक. सरसकट सगळ्याच फाईली कॉम्प्रेस करू नका. पीडीएफ आणि जेपीजी आधीच दाबलेल्या असतात, तिथं प्रोसेसर फुकट शिणतो. 'अ‍ॅडआउटपुटफिल्टरबायटाइप' वापरून फक्त एचटीएमएल, सीएसएस आणि जावास्क्रिप्टला लावा. ही कमांड २.४ मध्ये मॉड_फिल्टरकडे गेली आहे, म्हणून ते मॉड्यूलही चालू आहे ना, तेवढं '-एम' मध्ये बघून घ्या.

महाल_अभ्यासिका

झालं! '-एम' मध्ये डिफ्लेट_मॉड्यूल दिसलं, फिल्टर आधीच होतं. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये 'कॉन्टेंट-एन्कोडिंग: जीझिप' आलं. इतिहासाचं १.१ एमबीचं पान आता २०० केबीच्या आत जातं. पीडीएफ वगळल्या.

संध्याकाळी भामरागडच्या एका पोरीला तिच्याच मोबाईलवर उघडायला लावलं. आधी ती पान उघडायला ठेवून पाणी भरायला जायची म्हणे. आज समोर बसूनच वाचायला लागली. दोघांचेही मनापासून आभार. वहीत २.४ चं नवीन पान सुरू केलं आहे, कॉन्फिग.नाइसची प्रतही पेनड्राइव्हवर घेतली. पुढच्या आठवड्यात एसएसएल घालायचं आहे, तेव्हा ओपनएसएसएलचं डेव्ह पॅकेज आधी टाकीन आणि '--एनेबल-एसएसएल' नाव घेऊनच मागीन.