बहीण न्यायाधीश झालीय. गावात व्याख्यान द्यावं की नाही? (आणि रानडे कसं जमवायचे?)

कुकडीकाठ:
धाकटी बहीण गेल्या वर्षी परीक्षा पास होऊन दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) झाली. सध्या सोलापूर जिल्ह्यात एका तालुक्याच्या कोर्टात आहे. तिथल्या वाचनालयाने १६ जानेवारीला न्यायमूर्ती रानड्यांच्या पुण्यतिथीला तिला बोलायला बोलावलंय. ती नाही म्हणते. वाचनालयाच्या अध्यक्षांचाच एक दावा तिच्या कोर्टात चालू आहे, आणि एरवीही न्यायाधीशाने गावात फार मिसळू नये असं तिचं मत. आमचे दादा (वडील) भडकले. "रानडे नव्हते का न्यायाधीश? निम्मं पुणं त्यांनी उभं केलं!" दोन दिवस घरात हाच विषय.
मला खरंच प्रश्न पडलाय. रानडे नोकरीत असताना एवढ्या संस्था कशा काढायचे? त्यांना कोणी अडवलं नाही? तिला काय सांगू?

वकिलीणबाई:
बहीण बरोबर आहे. ज्याचा दावा समोर चालू आहे त्याच्या व्यासपीठावर जायचं नाही, विषय संपला. बाकी समाजसेवा करायची तर ती कायद्यानेच दिली आहे. तालुका विधी सेवा समितीचं अध्यक्षपद तालुक्यातल्या ज्येष्ठ न्यायाधीशाकडे असतं. गावोगाव शिबिरं घ्या, लोकअदालत भरवा. लोकअदालतीत मिटलं की अपील नाही आणि भरलेली कोर्ट फी परत. पक्षकाराला याहून मोठी सेवा कुठली?

निवृत्त बेलिफ:
ताई, मी चौतीस वर्षं बेलिफ होतो. समन्स बजावायची, दरखास्तीतलं (निकालाच्या वसुलीच्या अर्जातलं) वॉरंट घेऊन जप्तीला जायचं. नाझरसाहेबांच्या, म्हणजे आमच्या वरिष्ठांच्या, टेबलामागे रानड्यांचा फोटो होता, पगडी आणि उपरण्यातला. रोज बघायचो, पण हा माणूस कोण हे वाचलं रिटायर झाल्यावर. आता वेळच वेळ आहे, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

तुमचे दादा म्हणतात ते खरं आहे, पण अर्धं. रानडे १८७१ साली पुण्यात सबजज्ज म्हणून आले. सार्वजनिक सभा, म्हणजे लोकांची गाऱ्हाणी सरकारपुढे मांडणारी संस्था, त्याच्या आदल्या वर्षी निघाली होती. सभेत पुढे दिसणारं नाव सार्वजनिक काकांचं, म्हणजे गणेश वासुदेव जोशींचं. रानडे मागे. सभेचं इंग्रजी त्रैमासिक निघायचं त्यातले बरेचसे लेख रानड्यांचे, पण खाली सही नसायची. ७६-७७ च्या दुष्काळात सभेने माणसं खेड्यात पाठवून माहिती गोळा केली आणि सरकारपुढे ठेवली. मला यातली सगळ्यात मजेची गोष्ट म्हणजे सभेचं लवाद कोर्ट. लोकांनी सरकारी कोर्टाची पायरी न चढता आपसात मिटवावं म्हणून. आणि त्याच्या पाठीशी कोण, तर पगारी सबजज्ज! स्वतःचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात पाठवणारा वाणी बघितलाय का कुठे?

अडवलं नाही का, तर अडवलं. ७८ साली नाशिकला बदली. ७९ साली वासुदेव बळवंतांचं बंड चाललं होतं, त्यात मे महिन्यात पुण्यात बुधवार वाडा आणि विश्रामबाग वाडा पेटला. सरकारला जो तो ब्राह्मण संशयित वाटायला लागला. रानड्यांची उन्हाळ्यातच धुळ्याला रवानगी. तिथे त्यांची टपाल फोडून वाचली जायची. बंडवाल्यांच्या नावाने पत्रं यायची, रानडे ती तशीच पोलिसांकडे पाठवून द्यायचे. रमाबाईंच्या आठवणींत हे आहे. तेव्हा "रानडे नव्हते का मिसळत" म्हणताना बदलीचा ट्रंक पण आठवावा.

पण ताई, माझ्या लेखी रानड्यांची खरी सेवा व्यासपीठावर नाही, दप्तरात आहे. १८७५ च्या मे महिन्यात सुप्याला दंगा झाला, कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं (कर्जाचे कागद) जाळली. त्याच्यामागून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा आला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांना. त्याआधी काय व्हायचं? सावकार दावा लावायचा, कुणबी तारखेला यायचाच नाही, एकतर्फी हुकूमनामा, म्हणजे सावकाराच्या बाजूने निकाल. कर्जाचं खत कोणी तरी लिहायचं आणि खाली कुणब्याची सही म्हणून नांगर. 'निशाणी नांगराची'. बस. वाचता येत नाही, काय लिहिलंय ठाऊक नाही, नांगर काढून मोकळा.

नव्या कायद्याने कोर्टाला सांगितलं, खतावर जाऊ नका, खताच्या मागे जा. पहिलं मुद्दल किती दिलं, व्याज किती लावलं, मधे काय फेडलं, सगळा हिशेब मुळापासून मांडा. प्रतिवादीला बोलवा, त्याची जबानी घ्या. कर्जासाठी शेतकऱ्याला तुरुंगात घालणं बंद. जमीन खास गहाण नसेल तर कर्जापायी विकायची नाही. दावा लावायच्या आधी समेट घडवणाऱ्याकडे जायचं. दहा रुपयांपर्यंतचे दावे गावच्या मुन्सफाने (छोट्या दाव्यांच्या न्यायाधीशाने) चालवायचे.

हे सगळं कागदावर. तालुक्याच्या कोर्टात खरंच असं चालतंय का हे बघायला एक स्पेशल जज्ज नेमला होता. आधी डॉ. पोलन, रानडे त्यांच्या हाताखाली ८१ पासून, पुढे ती जागा रानड्यांकडेच आली. काम काय, तर गावोगाव दौरे. तालुक्याच्या कोर्टात जायचं, निकाल लागलेल्या प्रकरणांची दप्तरं सोडायची आणि तपासायची. हिशेब मुळापासून मांडलाय का, कुणब्याला विचारलंय का. रमाबाई बरोबर असायच्या. कोर्टातल्या माणसाला विचारा, दुसऱ्याने निकाली काढलेली फाईल उघडून बघणं किती कंटाळवाणं असतं ते. त्यात टाळ्या नाहीत, हार नाहीत. त्यांची तर नजरही अधू होती, दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे.

आता माझी एक गोष्ट, म्हणजे मी हे का लिहितोय ते कळेल. एकदा जप्तीला गेलो. घरात काही नव्हतं. दावेदाराचा माणूस दावणीकडे बोट दाखवून म्हणाला, ते बैल लिहा. मी म्हणालो, शेतीचा बैल लिहिता येत नाही, दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम ६०. औत नाही, बियाणं नाही. तो मला कायदा शिकवायला लागला. मी पंचनाम्यात 'जप्तीयोग्य वस्तू आढळली नाही' लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या. म्हातारीने आत जाऊन चहा टाकला होता. मी घेतला नाही. तिला वाईट वाटलं असणार. पण तिचा चहा घेतला असता तर दावेदाराने बाहेर काय सांगितलं असतं? चौतीस वर्षांत ज्याच्या दारात वॉरंट घेऊन गेलो त्याच्या घरचं पाणीसुद्धा नाही घेतलं. तुमच्या बहिणीचं तेच चाललंय. शाबास म्हणा तिला.

शनिपार:
बेलिफकाका, लेख मस्त. पण रानड्यांची आरती फार नको. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा माणूस, पहिली बायको १८७३ ला वारली तर वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न. ९० साली पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे ख्रिस्ती लोकांकडे, चहा (तेव्हा तो धर्म बुडवणं समजत), ९२ साली त्याचं प्रायश्चित्त. पुण्यातल्या लोकांनी तेव्हाही ऐकवलंच होतं आणि बरोबर ऐकवलं होतं.

निवृत्त बेलिफ:
शनिपार, मान्य. लग्नाचं तर समर्थन मी करणारच नाही. प्रायश्चित्तावर एवढंच म्हणतो की बरोबरच्या मित्रांची घरी कोंडी झाली होती, त्यांच्यासाठी घेतलं. तुम्हाला पटणार नाही, ठीक आहे.
पण तोच माणूस ७५ साली आर्य समाजाच्या स्वामी दयानंदांच्या मिरवणुकीत सबजज्ज असताना चालला. विरोधकांनी गाढवाची मिरवणूक काढली, चिखल फेकला. कपडे भरले तरी बाजूला झाला नाही.

वकिलीणबाई:
आणि ती अकरा वर्षांची मुलगी पुढे काय झाली तेही लिहा की! नवऱ्याने घरीच शिकवलं, घरातल्या बायकांचा जाच सोसून शिकली, त्याला वर्तमानपत्रं वाचून दाखवायची. पुढे पुण्याचं सेवासदन, बायकांच्या शिक्षणाची संस्था, तिने उभं केलं. हुजूरपागा ही मुलींची शाळा १८८४ ची, त्यातही रानड्यांचा हात. मी हुजूरपागेची आहे, म्हणून हा मुद्दा सोडणार नाही. :)
रमाबाईंच्या आठवणींत माझा आवडता प्रसंग कलकत्त्याचा. ८६ साली सरकारी कमिटीच्या कामाला गेले होते. एक दिवस रमाबाई बघतात तर हे दाढी करून घेताहेत आणि हातात बंगाली पुस्तक. अडलं की न्हाव्याला विचारायचं, उच्चारही त्याच्याकडूनच. न्हावी जज्जसाहेबाचा मास्तर!

कुकडीकाठ:
सगळ्यांचे आभार. काल रात्री फोनवर बहिणीला धागा वाचून दाखवला. दादा मागे बसून ऐकत होते. बदलीचा भाग आला तेव्हा गप्प झाले, मग म्हणाले, "पण चिखल खाल्लाच ना."
बहिणीने वाचनालयाला लेखी नकार दिला आहे. विधी सेवा समितीच्या पुढच्या शिबिराला तिने विषय सुचवलाय, 'सही करण्यापूर्वी कागद वाचा'. जागा ग्रामपंचायतीची.
काका, तिने विचारलंय, नांगराच्या निशाणीचं जुनं खत कुठे बघायला मिळेल का? शिबिरात लोकांना दाखवायचं आहे.

निवृत्त बेलिफ:
आमच्याच घरात आहे. पणजोबांचं. कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवलंय, घडीवर फाटलंय पण नांगर स्पष्ट दिसतो. जू जरा वाकडं आलंय. रविवारी नातू आला की फोटो काढून इथेच टाकतो. शिबिरात दाखवताना सावकाराचं नाव झाका म्हणावं, त्यांची नातवंडं अजून गावात आहेत आणि आमच्या घरी येणंजाणं आहे.