मदत हवी आहे: नेब्रास्कातल्या इलेक्टोरल मतांच्या विधेयकाबद्दल
नमस्कार मंडळी. मी ओमाहात राहतो, २०२८ ला इथे अध्यक्षपदासाठी पहिल्यांदाच मत देईन.

नेब्रास्काची पाच इलेक्टोरल मतं (अमेरिकेचा अध्यक्ष ठरवणारी, प्रत्येक राज्याच्या वाट्याला येणारी मतं). दोन राज्यभरातल्या विजेत्याला, तीन काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) एकेका मतदारसंघातल्या विजेत्याला. १९९२ पासून हे असंच चालतं. मेन सोडलं तर दुसऱ्या कुठल्या राज्यात नाही. त्यामुळेच बाकी राज्य रिपब्लिकन असूनही ओमाहाच्या मतदारसंघाचं मत २००८ ला ओबामांना, २०२० ला बायडेनना आणि २०२४ ला हॅरिसना गेलं.

पाचही मतं राज्यभरातल्या विजेत्यालाच द्यायचं विधेयक एप्रिल २०२५ मध्ये अडलं. राज्याच्या ४९ जणांच्या सभागृहात चर्चा थांबवून विधेयक मतदानाला घ्यायला ३३ मतं लागतात, पडली ३१. दोनच कमी! मला याची फार काळजी वाटते, कारण असं विधेयक मंजूर झालं तर आमच्या भागात प्रचाराला यायचं कारणच कोणाला उरणार नाही.

पुन्हा विधेयक आलं तर समितीच्या जाहीर सुनावणीत विरोधात बोलायचं ठरवलंय. राजधानी लिंकनला जाऊन कोणी अशी साक्ष दिली आहे का? बोलायला किती वेळ देतात? लेखी निवेदन आधी पाठवावं लागतं का?

आणि मेनमधलं कोणी आहे का इथे? नेब्रास्काने पद्धत बदलली तर आम्हीही बदलू, असं तिथल्या डेमोक्रॅट नेत्या २०२४ मध्ये म्हणाल्या होत्या. आता तिकडे काय वारं आहे?