'पालकत्व पात्रता' की 'संगोपनक्षमता'?

प्रश्न : घरात हिंसा केलेल्या वडिलांच्या 'पेरेंटिंग कपॅसिटी असेसमेंट'ला (ते मूल कितपत नीट सांभाळू शकतात, याच्या तपासणीला) 'पालकत्व पात्रता चाचणी' म्हणता येईल का?

उत्तर : 'पात्रता' नको. ती असते किंवा नसते. इथे या मुलाच्या कोणत्या गरजा हे वडील भागवतात, कोणत्या नाही आणि त्यात बदल संभवतो का, हे पाहायचं असतं. 'चाचणी'ही नको, एका प्रश्नावलीवर हे भागत नाही. 'सारा' (स्पाउजल असॉल्ट रिस्क असेसमेंट) या साधनानेही जोडीदाराला असलेला धोका अजमावतात, संगोपन नव्हे. 'पालकत्व' म्हटलं की कायद्यातली गार्डियनशिप डोळ्यांपुढे येते. म्हणून 'संगोपनक्षमतेचं मूल्यमापन'.

आणखी एक : 'मूल्यांकन' टाळलंत ते बरं, त्यातल्या 'अंका'मुळे गुण द्यायचेत असं वाटतं. पण अहवाल लिहिताना खरी गफलत क्रियापदात होते. 'माझ्याकडून हात उचलला गेला', 'घरात वाद झाले' : पहिल्यात कर्ता मागे सरकतो, दुसऱ्यात मारहाणीचं दोघांचं भांडण होतं. वडिलांचं वाक्य अवतरणात जसंच्या तसं उतरवा, आपल्या वाक्यात मात्र 'त्यांनी पत्नीला मारलं' असंच लिहा. 'मी मारलं तेव्हा मुलगी दारात होती, ती थिजली' असं कुणी आपणहून सांगितलं, तर मुलीच्या नजरेतून पाहण्याची ती सुरुवात असते. वडील 'मुलं झोपली होती' म्हणाले, तर त्यावर थांबू नका. 'सकाळी ती कशी वागली?' हे विचारा.

प्रश्न : ही वाक्यं पडताळायची कशी?

उत्तर : क्रम सांभाळा. आधी पोलिसांचे आणि दवाखान्याचे कागद वाचा, मग आईशी एकटीशी बोला, त्यानंतर वडिलांशी. संयुक्त मुलाखत कधीच नको. समोर तो बसलेला असताना ती मोकळी बोलणार नाही, बोललीच तर घरी त्याची किंमत मोजावी लागेल. त्याच कारणाने तिचं म्हणणं 'तुमच्या पत्नी म्हणाल्या' असं त्यांच्यापुढे मांडू नका.

प्रश्न : वडिलांसोबतच्या भेटीत मूल शहाण्यासारखं वागलं, तर 'आज्ञाधारक' लिहावं?

उत्तर : तो निष्कर्ष झाला, निरीक्षण नव्हे. भ्यालेलं मूलही शहाण्यासारखं वागतं. 'खेळणं उचलण्याआधी तीनदा वडिलांच्या चेहऱ्याकडे पाहिलं' असं लिहा. 'आई आता कुठे राहते?' असं वडिलांनी मुलाला विचारलं, तर तेही शब्दशः नोंदवा. मुलाकडून आईचा ठावठिकाणा काढणं झालं ते, म्हणून ती नोंद संगोपनाच्याच रकान्यात जाते.