वांद्र्याच्या सेंट अँड्र्यूज चर्चमधील क्रूसावरच्या चिन्हांबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. पुढच्या महिन्यात शाळेतल्या सातवीच्या मुलांना हे चर्च दाखवायला नेणार आहे. 1575 च्या सुमारास जेझुइटांनी (कॅथलिक धर्मगुरूंचा एक संघ) बांधलेलं, मुख्यतः कोळ्यांसाठी. ज्यांच्या नावाचं हे चर्च, ते संत आंद्रे (अँड्र्यू) स्वतः मासेमार, आणि दर्शनी बाजू थेट समुद्राकडे! मुलांना हे ऐकून नक्की आवडेल.

खरी अडचण आवारातल्या दगडी क्रूसाची आहे. साधारण 17 फूट उंच, एकाच दगडात घडवलेला. त्यावर ख्रिस्ताच्या दुःखसहनाची चिन्हं वरपासून खालपर्यंत कोरलीत. मी रविवारी तासभर तिथेच उभी होते. कोंबडा ओळखू आला: येशूचा शिष्य पेत्र याने येशूला तीनदा नाकारल्यावर आरवला तो. खिळेही समजले. पण पावसाने झिजलेल्या काही आकृत्यांवरून नुसती बोटं फिरवत राहिले.

वांद्रे, वसई, उत्तनच्या ईस्ट इंडियन (इथल्या मूळच्या मराठी बोलणाऱ्या कॅथलिक) घरांतली कोणी मंडळी इथे आहेत का? ही चिन्हं तुमच्याकडे कोणत्या शब्दांनी सांगतात? पुस्तकी मराठी नको, आजी म्हणते ते शब्द हवेत. क्रूसाचे जवळून काढलेले जुने फोटो असतील तर तेही कृपया टाका.