केपलरचे नियम फक्त केपलरचेच का?

सांजतारा
दहावीला केपलरचे तीन नियम आपण सगळ्यांनीच घोकलेत. पण टायको ब्राहे कोण असं विचारलं तर फार तर 'तो द्वंद्वयुद्धात नाक गमावलेला, पितळेचं नाक लावून हिंडणारा' एवढंच कुणालातरी आठवणार. माझं स्पष्ट मत आहे की पहिल्या दोन नियमांना (ग्रह सूर्याभोवती लंबवर्तुळात फिरतो, आणि सूर्याजवळ असताना जास्त वेगाने) टायको-केपलर नियम म्हणायला पाहिजे, कारण केपलरने ते टायकोच्याच वेधांवरून काढले. दुर्बीण नव्हती हो तेव्हा! डेन्मार्कच्या राजाने १५७६ मध्ये ह्वेन बेट दिलं आणि पुढची वीसेक वर्षं हा माणूस नुसत्या डोळ्यांनी ग्रहांच्या जागा टिपत बसला, एक यंत्र तर चक्क भिंतीतच बसवलेलं, जवळपास २ मीटर त्रिज्येचा पितळी पाव वर्तुळाकार पट्टा. वाऱ्याने यंत्रं हलतात म्हणून दुसरी वेधशाळा जमिनीखाली खोदून घेतली. अचूकता एक-दोन कलांपर्यंत (१ अंश म्हणजे ६० कला). केपलरची नजर लहानपणी देवी आल्याने अधू झालेली, हे काम त्याला जन्मात जमलं नसतं.

उगाच_शंका
अहो पण मग लाँगोमोंटॅनसचं काय? टायकोचा हा जुना सहाय्यक, केपलर १६०० मध्ये प्रागजवळ टायकोकडे आला तेव्हा मंगळाचं काम ह्याच्याकडेच होतं. आकडे तेच, मंगळ तोच, शिवाय टायकोशी केपलरपेक्षा कितीतरी जास्त जवळीक. निघालं का लंबवर्तुळ? नाही. १६२२ मध्ये स्वतःचा ग्रंथ काढला तोही टायकोच्याच मॉडेलवर, म्हणजे पृथ्वी मध्ये, सूर्य तिच्याभोवती आणि बाकीचे ग्रह सूर्याभोवती. आकड्यांतून नियम आपोआप टपकत असते तर आज आपण लाँगोमोंटॅनसचे नियम पाठ केले असते. मान्य आहे की टायकोने घाम गाळला, पण घाम गाळला म्हणून शोधावर नाव लागत नाही, ते आभारप्रदर्शनात येतं.

सांजतारा
आभारप्रदर्शन?? थोडं बारकाईने बघा की. मंगळ ६८७ दिवसांनी आपल्या कक्षेत त्याच जागी परत येतो, पण तेवढ्यात पृथ्वी भलतीकडेच पोचलेली असते. केपलरने असे ६८७-६८७ दिवसांच्या अंतराचे वेध निवडले, मंगळ एका खुंटीला टांगल्यासारखा धरला आणि तिथून उलटं बघून आधी पृथ्वीचीच कक्षा मोजली. अफलातून डोकं, वादच नाही. पण ह्या युक्तीला नेमक्या त्या-त्या दिवशीचे वेध लागतात ना? त्या काळचे लोक ग्रह मोक्याच्या जागी असला, म्हणजे प्रतियुतीला (पृथ्वीच्या एका बाजूला सूर्य, बरोबर समोर ग्रह) वगैरे, तरच मोजायचे. टायको अधलेमधले दिवसही सोडत नव्हता, आणि हे सगळं कुणी येऊन लंबवर्तुळ काढेल हे माहीत नसताना!

गणितवाली_मावशी
दोघांच्याही भांडणात खरी गंमत राहूनच गेली, ती ८ कलांची. केपलरने आधी वर्तुळच धरून खूप खटपट केली आणि ते इतकं जवळ बसलं की दुसरा कुणी असता तर पेढे वाटून मोकळा झाला असता. काही ठिकाणी फक्त ८ कलांचा फरक पडत होता. चंद्राची रुंदी साधारण ३० कला, म्हणजे पाव चंद्राइतकी चूक. कोपर्निकसच्या काळात हे सहज खपून गेलं असतं. केपलरने काय केलं तर टायकोची एवढी चूक होणारच नाही, म्हणजे आपलं मॉडेलच चुकलंय असं धरलं आणि सगळं मोडून परत मांडायला बसला. ह्या ८ कलांनीच पुढचा रस्ता दाखवला असं त्याने १६०९ च्या ग्रंथात स्वतः लिहिलंय. आणि ते लंबवर्तुळ तरी किती लंब? मंगळाच्या कक्षेची रुंदी लांबीपेक्षा अर्धा टक्कासुद्धा कमी नाही, कागदावर काढलंत तर डोळ्याला वर्तुळच दिसेल. आता ह्यात टायको किती टक्के आणि केपलर किती ते काढा बघू. मला नाही जमत.

उगाच_शंका
मावशी तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे. दुसऱ्याच्या आकड्यांवर इतका भरवसा ठेवून आपली एवढी मेहनत फेकून द्यायची ही छातीसुद्धा केपलरचीच. आणि टायको एवढा उदार पण नव्हता हं, वह्या कुलपात, जेवताना एखादा आकडा सांगितला तर सांगितला, अशी केपलरचीच तक्रार होती.

पंचांगवाचक
जरा अवांतर, पण आपल्याकडेही हाच प्रकार झालाय. ग्रहलाघव या ग्रहगणिताच्या जुन्या ग्रंथावरून केलेली पंचांगं आणि आकाशातले ग्रह यांत फरक पडायला लागला, तेव्हा केरो लक्ष्मण छत्रे आणि नंतर केतकर वगैरे मंडळी म्हणाली की आकाश बघा आणि गणित सुधारा. त्यावरून टिळकांच्या काळात जी भांडणं जुंपली ती बघता टायको-केपलर म्हणजे सख्खे भाऊ वाटतील. कुलूपवाल्या मुद्द्याबद्दल म्हणाल तर वीस वर्षांचं काम नव्या माणसाच्या हातात पहिल्याच दिवशी कोण देईल? तुम्ही द्याल?

सांजतारा
हेच म्हणतोय. आणि १६०१ मध्ये टायको गेल्यावर वारसांचं लक्ष नाही बघून केपलरने वह्या सरळ ताब्यात घेतल्या, हे त्याने पुढे पत्रात स्वतःच कबूल केलंय. हे कुठल्या आभारप्रदर्शनात बसतं?

उगाच_शंका
नसत्या घेतल्या तर कुठल्यातरी माळ्यावर धूळ खात पडल्या असत्या. टायकोचा जावई टेंगनागेल त्या वह्यांचं काय करणार होता? त्याला ग्रहांपेक्षा दरबारात जास्त रस. केपलरचा १६०९ चा ग्रंथ छापायला परवानगी दिली तीही अशी की सुरुवातीला स्वतःची टीप घुसडली, केपलर टायकोच्या मतांना सोडून गेलाय तेव्हा वाचकांनी जपून असा एकूण सूर. उलट ग्रहांच्या जागा काढायचे १६२७ चे रुडॉल्फाइन तक्ते केपलरने छापले त्यावर टायकोचं नाव ठळक आहे. त्याच तक्त्यांवरून बुध सूर्यबिंबावरून जाणार हे आधी सांगता आलं आणि १६३१ मध्ये पॅरिसला गॅसेंडी या खगोलज्ञाने ते प्रत्यक्ष पाहिलं. तक्त्यांना टायकोचं नाव द्या, माझी ना नाही. नियमांना नको.

सांजतारा
तक्त्यांवर ते नाव वारसांनी भांडून घेतलेलं आहे साहेब, मेहेरबानी नाही.